नोटीस टाइप करायला येण्याआधी शेवटच्या रांगेत बसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी सिनेमाच्या टिंगलटवाळीवर आपल्या पानांवर सध्या बरीच पत्रं येत आहेत. बहुतेकांचा सूर एकच: आधीच मराठी सिनेमाला थिएटर मिळत नाही, मिळालं तर भर दुपारचा खेळ मिळतो, त्यात ही मोबाइलवरची पोरं खिल्ली उडवतात, तेव्हा यांना एकदा कायद्याचा बडगा दाखवाच. हा बडगा ज्या टेबलावर टाइप होतो तिथे मी बसते, म्हणून लिहिते आहे. पत्र लांबेल. कात्री आपल्याकडे आहेच.

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर मी टायपिंगचं काम करते. सुरुवात रेमिंग्टनवर केली, आता कॉम्प्युटर आहे आणि बोटांना जरा आराम आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, मुखत्यारपत्रं, आणि वकीलसाहेबांनी घाईघाईत खरडून दिलेल्या नोटिसा. अब्रूनुकसानीची नोटीस हा त्यातला चवीचा प्रकार. पूर्वी ती पाठवायला येत ते भाऊबंद, सोसायटीचे सेक्रेटरी, निवडणुकीत पडलेले उमेदवार आणि सोयरीक मोडलेल्या मुलीचे वडील. कलावंत कधी यायचे नाहीत. आता येतात.

मागे एक तरुण दिग्दर्शक आला. नाव सांगणार नाही, आमच्या धंद्यात ते बसत नाही. पण नोटीस पुढे जगजाहीर झाली, तेव्हा मजकुराबद्दल बोलायला हरकत नसावी. त्याचा पहिलाच सिनेमा. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे, बायकोचे दागिने, मित्राच्या नावावर काढलेलं कर्ज, सगळं त्यात घातलेलं. ठाण्यात एका मॉलमध्ये दुपारी पाऊणचा एकच खेळ मिळाला, तोही पुढच्या गुरुवारपर्यंत. कळव्याच्या एका मुलाने त्या सिनेमावर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ केला. सिनेमातला नायक बोलता बोलता थांबतो, लांब कुठेतरी बघतो आणि मग पुढचं वाक्य म्हणतो. मुलाने काय केलं, नायक थांबला रे थांबला की कुकरची शिट्टी वाजवली. दर वेळी. शेवटी आतून आईचा आवाज येतो, "अरे, झाला का भात?" संपलं. दिग्दर्शकाच्या नावाला, जातीला, घरच्यांना त्यात एका शब्दानेही हात लावलेला नव्हता.

नोटीस मात्र एक कोटीची. अब्रूनुकसानीच्या नोटिशीची एक पंचाईत असते. ज्या मजकुराने अब्रू गेली तो त्यात नमूद करावा लागतो, नुसतं 'बदनामीकारक बोलले' म्हणून भागत नाही. त्यामुळे वकीलसाहेबांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: "सामनेवाले यांनी सदर व्हिडिओमध्ये चित्रपटाच्या नायकाच्या प्रत्येक विरामाचे वेळी स्वयंपाकाच्या कुकरच्या शिट्टीचा आवाज समाविष्ट करून, तसेच भात शिजला अगर कसे अशी पृच्छा करून, माझे अशिलांची समाजात नाचक्की केलेली आहे." टाइप झालं की एकदा वाचून दाखवते, तशी सवय आहे. वाचून दाखवलं. शेजारच्या टेबलावरच्या नोटरींना चहाचा ठसका लागला. वकीलसाहेबांनी तोंड फायलीत घातलं. दिग्दर्शक तेवढा हसला नाही. म्हणाला, "काकू, तुम्ही पण?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पैसे बुडालेल्या माणसाला हसायला सांगणं हा निर्दयपणा आहे. पण नोटीस स्पीड पोस्टाने गेली, आणि त्या मुलाने ती कॅमेऱ्यासमोर धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, प्रत्येक स्वल्पविरामाला शिट्टी देऊन. ज्यांनी पहिला व्हिडिओ पाहिला नव्हता त्यांनी दुसरा पाहिला, मग शोधून शोधून पहिला पाहिला. सिनेमा तोवर थिएटरमधून उतरला होता.

आमच्याकडे येणारी निम्मी माणसं समजतात की मन दुखावलं म्हणजे अब्रू गेली. कायदा तसं म्हणत नाही. भारतीय दंड संहितेचं कलम 499, आता भारतीय न्याय संहितेचं 356. बदनामीच्या व्याख्येपाठोपाठ दहा अपवाद दिलेत, त्यातला सहावा आमच्या या दिग्दर्शकासाठीच लिहिल्यासारखा आहे. एखादी कृती तिच्या कर्त्याने लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवली असेल, तर तिच्या गुणदोषांबद्दल सद्भावनेने मत देणं ही बदनामी नव्हे. कोण कोण असं आपलं काम निवाड्याला ठेवतं तेही तिथेच सांगितलंय: पुस्तक छापणारा, जाहीर भाषण करणारा, रंगमंचावर उभा राहणारा नट किंवा गायक. दंड संहिता झाली त्या 1860 साली सिनेमा नव्हता, नाहीतर त्याचंही नाव आलं असतं.

त्याखालचं उदाहरण मला पाठ आहे, कारण ते वाचून मी पहिल्यांदा चाट पडले होते. 'य'च्या पुस्तकाबद्दल 'क' म्हणतो: पुस्तक मूर्खपणाचं आहे, य दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे, पुस्तक अश्लील आहे, य मनाने मलिन असला पाहिजे. हे चालतं! य बद्दलचं मत त्याच्या पुस्तकात जेवढा य दिसला तेवढ्यापुरतंच आहे म्हणून. पण तोच क म्हणाला, "य चं पुस्तक मूर्ख आणि अश्लील निघालं यात मला नवल वाटत नाही, माणूसच दुबळा आणि बाहेरख्याली आहे," तर तो अपवादाच्या बाहेर गेला. काम बघून माणसाबद्दल बोललात तर माफ, माणूस धरून कामाला झोडपलंत तर नाही. इंग्रजांनी बाकी काय केलं ते केलं, हा फरक मात्र नीट पाहिला होता. आणि कुकरची शिट्टी यात कुठे पडते हे सांगायला वकील लागत नाही.

शिक्षेचं म्हणाल तर दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि नव्या संहितेत समाजसेवासुद्धा. समाजसेवा म्हणून तोच सिनेमा पुन्हा बघायला लावणार का, असं आमच्याकडच्या एका ज्युनिअर वकिलांनी विचारलं होतं. हे वाक्यही सहाव्या अपवादात बसतं.

हे फक्त ठाण्यातलं खूळ नाही. केरळात एका दिग्दर्शकाच्या अर्जावरून सिनेमाच्या परीक्षणांचा विषय हायकोर्टात गेला, तिथे न्यायमित्रांनी, म्हणजे कोर्टाने स्वतःच्या मदतीला नेमलेल्या वकिलांनी, सुचवलं की प्रदर्शनानंतर 48 तास परीक्षण करू नये. तमिळ निर्मात्यांची संघटना 2024 च्या डिसेंबरात मद्रास हायकोर्टात गेली आणि पहिल्या तीन दिवसांत परीक्षणांना बंदी मागितली. कोर्टाने तशी अंतरिम बंदी दिली नाही. तीन दिवस म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार. गल्ला गोळा होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, असाच त्याचा अर्थ. मग शुक्रवारच्या दुपारीच 'प्रेक्षकांचा तुफान प्रतिसाद' असं छापून येतं, तेही सोमवारपर्यंत थांबवा की. निकाल आपल्या बाजूने लागला की न्यायाधीश विद्वान आणि विरोधात गेला की विकले गेलेले, हे आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांवर रोज ऐकतो. परीक्षणातले चार तारे पोस्टरवर मोठे करून छापणारे निर्माते दीड तारा देणाऱ्याला 'याला सिनेमातलं काय कळतं' म्हणतात, ती त्यातलीच गत.

नोटिशीपेक्षा वाईट हत्यार कॉपीराइटचं. स्ट्राइक म्हणजे कॉपीराइट मोडल्याचा ठपका. यूट्यूबवर 90 दिवसांत असे तीन आले की चॅनलच जातो. मुलाने टिंगल करताना सिनेमातले चार-पाच तुकडे दाखवले की पाठव स्ट्राइक. वास्तविक आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 आहे, आणि समीक्षा किंवा परीक्षणासाठी केलेला उचित वापर हे उल्लंघन नव्हे असं ते सांगतं. अमुक सेकंद दाखवले तर चालतात असा आकडा त्यात कुठेही नाही, तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी तो मनातून काढून टाकावा. स्ट्राइकचा मला राग येतो तो वेगळ्या कारणाने. नोटिशीला निदान उत्तर देता येतं, पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर उलटतपासणी होते, कोणीतरी दोन्ही बाजू ऐकतं. स्ट्राइकमध्ये एका बटणावर समोरच्याचं दुकान धोक्यात येतं, आणि बटण दाबणारा तोच असतो ज्याच्यावर टीका झाली.

आता जरा मागचं सांगते. मी खारकर आळीत वाढले. सिनेमा म्हणजे अशोक, प्रभात, गणेश, वंदना. बायकांची तिकिटाची रांग वेगळी असायची आणि ती पटकन सरकायची, म्हणून वाड्यातली पुरुषमंडळी आईला पुढे करून सगळ्यांची तिकिटं काढून घेत. आम्ही वर बसायचो, खाली स्टॉलमध्ये बसायची ती मंडळी त्या काळची समीक्षक. एका सिनेमात बाप मरणपंथाला लागलाय, डॉक्टर मान हलवून निघून गेलाय, आणि बाप अजून बोलतोच आहे. उसाचा मळा, गहाण जमीन, धाकट्याचं शिक्षण, सगळं आठवून आठवून. स्टॉलमधून आवाज आला, "अहो, चला, रिक्षा थांबलीय खाली!" अख्खं थिएटर खदखदलं. माझी आई डोळे पुसता पुसता हसली. आणि थोड्या वेळाने मुलगी बापाच्या दारातल्या चपला उचलून आत नेऊन ठेवते असा प्रसंग आला, तेव्हा तोच स्टॉल चिडीचूप. एक खोकला नाही. कोणी सांगितलं होतं त्यांना गप्प बसायला? जिथे लांबलं तिथे ओरडले, जिथे बरोबर होतं तिथे गप्प राहिले. पगारी माणूस ठेवूनही दिग्दर्शकाला इतकी चोख टिपणं मिळणार नाहीत. पण ती मिळवायला तिथे बसलेलं असावं लागतं. प्रीमियरला ती मिळत नाहीत, तिथे सगळे मिठ्या मारायला आणि फोटो काढायला आलेले असतात.

कळव्याच्या त्या मुलाचं मला म्हणूनच कौतुक आहे. ज्या सिनेमाला दुपारी पाऊणला मोजकी डोकी होती, त्यातलं एक डोकं याचं. तिकीट काढून गेला, शेवटपर्यंत बसला आणि नायक कुठे कुठे थांबतो ते त्याने टिपलं. स्तुती करणाऱ्या किती जणांनी तेवढं लक्ष दिलं होतं? पोस्टरचा फोटो टाकून 'नक्की बघा' लिहिणारे कित्येक कलाकार स्वतः गेले नव्हते, हे त्या दिग्दर्शकानेच मला माझ्या टेबलाशी बसून सांगितलं.

पुढे तो सिनेमा मोबाइलवर आला तेव्हा मी पाहिला. नायक खरंच फार थांबतो. पण त्यात एक आजी आहे. नातू घर विकायचं ठरवून आलाय हे तिला कळलंय, आणि ती काही न बोलता त्याला कोणत्या फळीला वाळवी आहे, नळ कुठे गळतो, पावसात कोणत्या भिंतीला ओल येते ते एकेक दाखवत घरभर फिरते, गिऱ्हाइकाला दाखवावं तसं. मी टायपिंग बंद करून बघत बसले. या प्रसंगाबद्दल कुठेही दोन ओळी आल्या नाहीत. नोटिशीने आणि नंतरच्या भांडणाने तो 'कुकरवाला सिनेमा' होऊन बसला, आणि आजी राहिली बाजूला. दिग्दर्शकाने त्या दिवशी एवढंच लिहिलं असतं की "भात जरा जास्तच शिजला, पण आमची आजी बघा," तर मला वाटतं काही माणसं आजीसाठी गेली असती. त्या मुलानेही तिच्यावर व्हिडिओ केला असता, कारण बघणारा पोरगा आहे तो.

विडंबन आपल्याकडे काही मोबाइलने आणलेलं नाही. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून मी अत्र्यांची 'झेंडूची फुले' पहिल्यांदा वाचली तेव्हा मूळ कविता मला माहीतही नव्हत्या. केशवकुमार या नावाने 1925 मध्ये अत्र्यांनी रविकिरण मंडळातल्या कवींची अशी काही रेवडी उडवली, की मूळ काय होतं ते बघायला मी माधव जूलियन उघडले आणि त्यांच्यातच रमले. टवाळीने माझा एक वाचक-कवी संबंध जुळवून दिला तो असा. पुढे हेच अत्रे सिनेमावाले झाले आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यांच्याच सिनेमाला मिळालं. स्वतःवरची टीका ते हसून घेत असं मात्र मी म्हणणार नाही, 'मराठा'तले अग्रलेख वाचलेली माणसं अजून ठाण्यात आहेत. पण शब्दाला शब्द, आणि तोही स्वतःच्या सहीने.

जुन्या सिनेमाच्या आठवणींत आणखी एक किस्सा हटकून येतो. 'फिल्मइंडिया' मासिकाचे संपादक बाबूराव पटेल नटनट्यांना लेखणीने सोलून काढत, आणि अभिनेत्री शांता आपटे छडी घेऊन त्यांच्या कचेरीत गेल्या म्हणतात. छडीचं समर्थन मी करणार नाही, कोर्टनाक्यावर बसून तर नाहीच. तरी एक गोष्ट मला आवडते: बाई स्वतः गेल्या. आज दिग्दर्शक स्वतः गप्प बसतो आणि त्याचे चाहते त्या पोराच्या आईबहिणीचा उद्धार करतात. दिग्दर्शकाने एक ओळ लिहून त्यांना आवरायला काय हरकत आहे? ती ओळ कोणी लिहीत नाही. उलट त्यातली चार-दोन वाक्यं आवडल्याची खूण करून पुढे ढकलतात.

मला सर्वांत जास्त खटकतं ते मराठीपणाचं निशाण. सिनेमा पडला की हात जोडलेला व्हिडिओ येतो: मराठी माणसानेच मराठी सिनेमाचे पाय ओढले, दाक्षिणात्य बघा कसे आपल्या भाषेच्या मागे उभे राहतात. म्हणजे माझ्या अडीच-तीनशे रुपयांच्या तिकिटाला भाषाभक्तीची परीक्षा जोडली. आवडला नाही म्हटलं तर मी मराठीद्रोही. थिएटरच्या वेळा, पडद्यांची संख्या, वितरकांची मक्तेदारी, ही भांडणं खरी आहेत आणि त्यात मी तुमच्या बाजूने मोर्चात येईन. पण ते भांडण थिएटरवाल्यांशी आहे, प्रेक्षकाशी नाही. दादा कोंडक्यांना शिष्ट समीक्षकांनी कमी का नावं ठेवली? त्यांनी मराठीच्या नावाने गळा काढला नाही. एकामागून एक नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी करून ते गिनीज बुकात गेले. (आमच्या घरी त्यांच्या सिनेमाला जायला बंदी होती. आजोबा एकटे जाऊन यायचे.)

आणि ज्यांना कोर्टाची फार आवड आहे त्यांनी कमलाकर सारंगांची आठवण ठेवावी. त्यांनी बसवलेल्या तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकावर 1972 मध्ये सेन्सॉरचं गंडांतर आलं तेव्हा ते हायकोर्टात गेले, भांडले आणि जिंकले. ते गेले होते आपलं काम लोकांना बघता यावं म्हणून. लोकांनी बघून नाकं मुरडली तर त्यांना गप्प करा, असा अर्ज नव्हता तो. सेन्सॉर बोर्डाने एक वाक्य कापलं की आपले दिग्दर्शक म्हणतात, प्रेक्षक सुजाण आहे, त्याला ठरवू द्या. बरोबरच म्हणतात. मग त्या सुजाण प्रेक्षकाने ठरवलं की कंटाळा आला, तर त्याच्यावर कात्री चालवायला हे स्वतः बोर्ड होऊन बसतात.

म्हणजे कधीच नोटीस पाठवू नये का? पाठवावी. त्याच महिन्यात दुसरं एक प्रकरण टाइप केलं, ते मी शिट्टीच्या प्रकरणाशेजारी कधीच ठेवणार नाही. एका अभिनेत्रीच्या शरीरावर, रंगावर आणि आडनावावर एकाने घाण ओकली होती. सिनेमाचा त्यात उल्लेखही धड नव्हता. टाइप करताना माझे हात थांबत होते. तिथे नोटीस काय, थेट फिर्याद हवी. दुसरा प्रकार पैशांचा: "अमुक रक्कम पाठवा, नाहीतर शुक्रवारी सकाळी तुमचा सिनेमा आपटवतो." ती खंडणी आहे आणि न्याय संहितेत तिला वेगळं कलम 308 आहे. तिसरा प्रकार थिएटरमध्ये बसून पडदाच मोबाइलवर उतरवून घेण्याचा. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड आहे, आणि समीक्षेच्या नावाखाली तो खपवून घेऊ नये. ही तीन खरी दुखणी आहेत. पण दिग्दर्शक जेव्हा कुकरच्या शिट्टीलाही याच पिशवीत घालतो, तेव्हा खऱ्या दुखण्याची तक्रार घेऊन ती अभिनेत्री पोलीस चौकीत जाते आणि समोरचा हवालदार म्हणतो, "अहो मॅडम, सिनेमावाल्यांना लोक बोलणारच." हे मी ऐकलेलं आहे.

नाटकवाल्यांचं बरं असतं. गडकरी रंगायतनला पहिल्या प्रयोगात एखादी जागा पडली की नट विंगेत येऊन सांगतो, दिग्दर्शक चार वाक्यं काढतो, दहाव्या प्रयोगाला नाटक बांधलं जातं. सिनेमाला ती सोय नाही. एकदा प्रमाणपत्र मिळाल्यावर कात्री लावायची तरी पुन्हा सेन्सॉरकडे नोंद. त्यामुळे टवाळी झोंबते ती सुधारता येत नाही म्हणूनही झोंबते, हे मी समजू शकते. पण मग आधी का नाही दाखवत? मित्रांना नको, इंडस्ट्रीतल्यांना नको. कळवा, कोपरी, वागळे इस्टेट, कुठल्याही सोसायटीच्या हॉलमध्ये गणपतीत पडदा लावा आणि दिग्दर्शक कोण आहे ते न सांगता मागे खुर्ची टाकून बसा. कोण कधी उठून लघवीला गेलं, कोणत्या प्रसंगात बायका एकमेकींशी बोलायला लागल्या, पोरं कुठे ओरडली, ते एका कागदावर लिहा. आमच्या सोसायटीत नाव न घेता दाखवा, चहा मी देईन. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर एवढ्या सडेतोड आहेत की त्यानंतर कळव्याच्या पोराची भीती राहणार नाही.

आणि प्रदर्शित झाल्यावर पहिला आठवडाभर काही लिहू नका. रात्री एक वाजता तर मुळीच नाही. मी सहीसाठी आलेल्या रागावलेल्या माणसांना नेहमी सांगते, आज टाइप करून ठेवते, सही परवा करा. निम्मे परत येत नाहीत. माझं नुकसान होतं, पण ते चालतं.

'कोर्ट' हा सिनेमा आला तेव्हा आमच्याकडचे दोघे-तिघे वकील बघून आले. एकजण म्हणाले, "तारीख पडते, तारीख पडते, तारीख पडते. रोज फुकट बघतो ते तिकीट काढून बघायचं?" आम्ही सगळे हसलो. दोन दिवसांनी तेच वकील कॅन्टीनमध्ये त्यातल्या सरकारी वकीलबाईंचं घर, तिचं संध्याकाळचं जेवण, नवऱ्याची साखर, यावर अर्धा तास बोलत होते. टवाळी करणारा माणूस कामात किती शिरलाय हे तिच्यावरूनच कधी कधी कळतं, आणि हे दिग्दर्शकांनी ऐकायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं.

शेवटी एक तक्रार आपल्याबद्दल, छापाल की नाही ते बघते. शनिवारच्या पुरवणीत सिनेमाचं परीक्षण असतं आणि त्याच्याखाली त्याच सिनेमाची पाव पान जाहिरात असते. गेल्या कित्येक महिन्यांत अडीच ताऱ्यांच्या खाली एकही मराठी सिनेमा गेलेला मी पाहिला नाही. 'कथा थोडी रेंगाळते, पण एकदा बघायला हरकत नाही' हे वाक्य तर आता मी न बघता टाइप करू शकते. परीक्षणांनी दात काढून ठेवले म्हणून चावायचं काम त्या पोरांकडे गेलं. तेव्हा आपला माणूस पासावर न पाठवता तिकीट काढून दुपारी पाऊणच्या खेळाला पाठवा, तारे छापणं बंद करा, आणि दिग्दर्शकाला उत्तर द्यायचं असेल तर पुढच्या शनिवारी त्याच जागी, तेवढ्याच शब्दांत, त्याच्या सहीने छापा. टाइप मी करून देईन, पैसे घेणार नाही.

आपली नम्र,
कोर्टनाक्यावरची एक टंकलेखिका
चरई, ठाणे (पश्चिम)

(धंद्याच्या कारणाने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)